जमिनीखालची भिंत

मी एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. घनफळाच्या धड्यात भिंतीचं उदाहरण हमखास असायचं: भिंत इतकी लांब, इतकी उंच, इतकी जाड, वीट एवढी, तर विटा किती? भागाकार करायचा आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. अशा भिंती मी फळ्यावर शेकड्यांनी बांधल्या असतील. खरी भिंत बांधायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, २०२४ साली, गाडीच्या गॅरेजसाठी, आणि माझं पहिलंच उत्तर गवंड्याने चुकीचं ठरवलं.

निमित्त झालं नारळाचं. गाडी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला माडाखाली उभी असायची. माडाखाली काही ठेवू नये हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं, पण दुपारची सावली तिथेच पडते. आदल्या वर्षी मे महिन्यात एक नारळ पुढच्या काचेवर आला. काच बदलायला ७,२०० रुपये गेले. आमच्या यांचं म्हणणं होतं की चार वासे पुरून माटव, म्हणजे मांडव, घालू, झालं काम. कुडाळच्या पावसात माटवाखाली गाडी म्हणजे छत्रीला भोकं पाडून तिच्याखाली उभं राहण्यासारखं. मी म्हटलं, बांधायचं तर चिऱ्याचंच, म्हणजे जांभ्या दगडाचंच, बांधू. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, हजार रुपये फूट धर, दोन लाखांत होईल." तो कॉम्प्युटरवाला आहे. त्याला फूट म्हणजे काय हे विचारायला हवं होतं. ते पुढे येईलच.

मी नवी दोनशेपानी वही आणली. आधी गाडी मोजली. वॅगनआर ३,६५५ मिलिमीटर लांब आणि १,६२० रुंद, म्हणजे बारा फूट आणि साधारण पाच फूट चार इंच. त्यात आरसे धरलेले नाहीत. दार पुरतं उघडून माणूस, तेही साडी नेसलेलं आणि हातात भाजीची पिशवी असलेलं माणूस, बाहेर यायचं तर एका बाजूला तीन फूट मोकळे हवेत. मागे सायकल, शिडी आणि नारळ सोलायचं यंत्र. म्हणून आतली मापं ठरली १० बाय १८ फूट. पुढे आठ फुटी शटर, घराच्या बाजूला ये-जा करायला एक छोटं दार, मागे एक खिडकी. छप्पर एकपाखी, एकाच बाजूला उतरतं: घराकडची भिंत १० फूट, गडग्याकडची (कुंपणाच्या दगडी भिंतीकडची) ८, म्हणजे पाणी घरापासून लांब पडेल.

एक भिंत वाचवायचा मोह मलाही झाला. घराची उत्तरेची भिंत आहेच, तिलाच पाखं टेकवलं तर १९५ चौरस फूट बांधकाम वाचतं. भाऊ गवंडी आले, त्यांनी ती भिंत बोटाच्या पेराने ठोकून पाहिली आणि मान हलवली. "घराक टेकू नको, घर जुना आसा." आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं, चिरे मातीत बसवलेले. जुना पाया कधीच दबून स्थिर झालेला आहे, नवा अजून दबायचा आहे. दोन्ही एकमेकांना जोडले की पहिल्या दोन पावसांत सांध्यावर तडा जातो आणि त्यातून पाणी घरात येतं. शिवाय घराच्या कौलांच्या पागोळ्या नेमक्या तिथेच पडतात. मग भाऊंनी प्रश्न विचारला, "पाणी खंय जातला?" पुढच्या तीन महिन्यांत हाच प्रश्न त्यांनी मला वीस वेळा तरी विचारला असेल. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये पाच फुटांची बोळ सोडायचं ठरलं.

विटांचा विचार केलाच नाही. विटा आमच्याकडे घाटावरून येतात, चिरा बारा किलोमीटरवरच्या खाणीत मिळतो. गंमत म्हणजे फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०० च्या सुमारास मलबारात हाच जांभा पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरूनच. ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. म्हणजे निसर्गाने न भाजता केलेली वीट.

आता हिशेब. आमच्या खाणीचा चिरा ढोबळमानाने १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. नऊ इंची भिंत घातली तर बाहेरून दिसतो १४ बाय ७ चा तोंडवळा. दार, खिडकी, शटर वजा करून भिंतींचं क्षेत्रफळ भरलं ४३५ चौरस फूट. एका चिऱ्याचं तोंड ०.६८ चौरस फूट. भागाकार ६३९. मी उदार होऊन ६५० धरले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

भाऊंनी वही पाहिलीही नाही. हातातली काठी टाकत ते जागेभोवती एक फेरी मारून आले. "बाईनू, अकराशे चिरे सांगान ठेवा."

खरं सांगते, मला राग आला. अकराशे म्हणजे माझ्या उत्तराच्या पावणेदोन पट. खाणवाल्याशी भाऊंचं काही ठरलेलं असणार असं मनात येऊन गेलं. मी त्यांना वही दाखवली, प्रत्येक भिंतीचं वेगळं गणित दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि जमनीखालची भिंत कोण बांधतलो?"

मी पाया मोजलाच नव्हता. एकतीस वर्षं फळ्यावर बांधलेल्या एकाही भिंतीला पाया नव्हता! पुस्तकातली भिंत जमिनीवरच उगवते.

रात्री पुन्हा बसले. चर चारही बाजूंनी खणायची, शटरखालीसुद्धा, नाहीतर आतली भर पुढून वाहून जाईल. एकूण ५९ फूट. तळाला अर्धा फूट पीसीसी (सळईविना काँक्रीट), त्यावर जमिनीपर्यंत दोन फूट आणि जमिनीवर जोत्याचा एक फूट, अशी तीन फूट उंच आणि दीड फूट जाड भिंत. घनफळ २६५ घनफूट. एक चिरा सांध्यासकट भरतो जेमतेम ०.६ घनफूट, म्हणजे ४४४ चिरे. जवळजवळ निम्मी इमारत कुणाला दिसणारच नव्हती. वरच्या भिंतींना मात्र मी जास्त धरले होते, कारण सांधे विसरले. अर्ध्या इंचाचा सांधा धरला की चिऱ्याचं तोंड १४.५ बाय ७.५ होतं आणि ६३९ चे ५७६ होतात. ५७६ अधिक ४४४, एक हजार वीस. त्यावर उतरवताना फुटणारे, कोपऱ्याला तोडावे लागणारे. अकराशे! काठीने. मला दोन रात्री लागल्या आणि खोडरबर संपलं.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना चहाबरोबर शेवयांची खीर दिली. कारण सांगितलं नाही.

खाणीवर मी स्वतः गेले, हे हट्टाने. मालक म्हणाला, बाई कशाला उन्हात आलात, गाडी पाठवतो की. भाऊंनी सांगितलेलं लक्षात होतं: चिऱ्यावर चिरा आपटून आवाज ऐकायचा. चांगला चिरा खणखणतो, मऊ चिरा भिजलेल्या पाटासारखा 'थप' करतो. पांढरट मातीचे डाग असलेला घ्यायचा नाही, पावसात तेवढाच भाग झरून तिथे भोक पडतं. मी वीस-पंचवीस चिरे ठोकले. एक चिरा साधारण तीस किलोचा, त्यामुळे ठोकले म्हणजे दुसऱ्या लहान तुकड्याने ठोकले. खाणीतली पोरं हसत होती. घरपोच ४५ रुपये नग ठरला. ट्रकात तीनशे बसतात, तेव्हा चार खेपा. बांधणावळ चिऱ्यामागे २५ रुपये, तीही फक्त बसलेल्या चिऱ्यांची. फुटलेल्याची मजुरी नाही. हा करार मला फार आवडला, कारण त्यामुळे चिरा न फोडण्यात गवंड्याचाही फायदा असतो.

वाळूच्या बाबतीत मात्र मी गवंड्याच्या पुढे गेले. आमच्याकडे वाळू-खडीचा व्यवहार ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपर आला, ड्रायव्हर म्हणाला "दोन ब्रास". मी टेप घेऊन चाकावर पाय देऊन चढले. हौदा आतून १० फूट लांब, साडेपाच रुंद, तीन खोल. १६५ घनफूट. दोन ब्रास कशी? तो म्हणाला, वर शीग असते ना. शीग होती, पण ३५ घनफुटांची नक्कीच नव्हती, आणि वाटेत ती निम्मी बसली होती. शिवाय क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, धुऊन ओलीच भरलेली. ओली वाळू फुगते, पाव भागापर्यंतसुद्धा, तेव्हा मापात आपण हवा आणि पाणी विकत घेतो. पुरवठादाराशी फोनवर बरीच वादावादी झाली. शेवटी दुसऱ्या खेपेपासून मोजून पैसे द्यायचे ठरलं. पहिली खेप गेली ती गेली. एकूण वाळू ३ ब्रास, ५,५०० च्या भावाने, आणि खडी २ ब्रास, ४,२०० ने.

सळईचं गणित सगळ्यात गोड. व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. लोखंडाच्या दुकानातल्या पोऱ्यालाही हे पाठ असतं, पण १६२ कुठून आले ते त्याला माहीत नव्हतं. मला राहवेना. बिलाच्या पाठीवर त्याला करून दाखवलं: वर्तुळाचं क्षेत्रफळ, पोलादाची घनता ७,८५० किलो दर घनमीटर, मिलिमीटरचे मीटर केले की उरतं ०.००६१६५, आणि त्याचा व्यस्त म्हणजे १६२. मागे उभ्या गिऱ्हाइकाने घसा खाकरला. जोत्यावरच्या पट्ट्यात दहा मिलिमीटरच्या चार सळया, ५९ फूट गुणिले ४, म्हणजे ७२ मीटर, वजन साडेचव्वेचाळीस किलो. रिंगा आणि शटरवरचं बीम धरून नव्वदच्या आसपास. १०० किलो घेतली, ६६ रुपयांनी.

सिमेंट ५६ पोती लागली, ३७० चं पोतं. यात काही गंमत नाही.

जोतं मला घराएवढं, निदान दोन फूट तरी हवं होतं. दिसायला बरं. भाऊ म्हणाले, गाडी काय शिडी लावून चढवणार? बरोबर होतं. गाडीचं पोट घासू नये म्हणून उताराला एका फुटामागे आठ फूट लांबी धरली. दोन फुटी जोत्याला सोळा फुटांचा रॅम्प, म्हणजे निम्मं खळं गेलं. एका फुटावर तडजोड झाली. तरी आठ फुटांचा रॅम्प आणि पागोळ्यांसाठी बोळीतलं गटार मिळून ९,२०० गेले. त्यातला एक रुपयाही माझ्या वहीत नव्हता.

छपराला कौलं हवीत असा माझा हट्ट होता, घराला शोभून दिसतील म्हणून. पण मंगलोरी कौलाला उतार जास्त लागतो. दहा फुटी भिंत तेरावर गेली असती, आणि लाकडाचा भाव विचारला तेव्हा हट्ट आपोआप गेला. पत्रा घालायचं ठरलं, लोखंडी सांगाड्यासकट १९० रुपये फूट. मी गुणाकार केला १० बाय १८, १८० फूट. फॅब्रिकेटर मोजून गेला आणि त्याचा आकडा आला ३०८. पुन्हा तीच चूक, या वेळी वरच्या बाजूला. भिंतींची जाडी धरून बाहेरचं माप साडेअकरा बाय साडेएकोणीस, आणि चारही बाजूंनी सव्वा-सव्वा फूट पाखं बाहेर, म्हणजे १४ बाय २२. इथे पाखं अखूड ठेवून चालत नाही, पाऊस सरळ पडत नाही आमच्याकडे. आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा शेजारच्या गोठ्याचे पत्रे आमच्या फणसात अडकलेले मी पाहिलेत. म्हणून भिंतीच्या माथ्यावर दर चार फुटांनी काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात बोल्ट पुरले. छपराचे ५८,५२० झाले. चिऱ्यांपेक्षा जास्त! भिंती बांधायला निघालेलं माणूस पत्र्यात बुडतं.

शटर ८ बाय ७, ५६ फूट, २८० च्या भावाने १५,६८०. खोदाई ७,०००. वर फूटभर माती लागली आणि खाली कातळ, त्यामुळे पहार लावावी लागली, पण निघालेली माती-दगड जोत्यात भरायलाच वापरले, भर विकत घ्यावी लागली नाही. पीसीसी, लादी, आतला गिलावा, बाहेरून दर्जा (सांधे) भरणं या सगळ्याची मजुरी ३१,०००. बाहेरून गिलावा केला नाही. चिरा झाकायचा असेल तर चिरा घ्यायचाच कशाला?

काम फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. मार्चच्या शेवटी शिमगा आला आणि सगळे गेले. शिमग्यात कोकणात गवंडी मागणं म्हणजे दिवाळीत पोस्टमन शोधण्यासारखं. ते परतेपर्यंत एप्रिल उजाडला आणि विहीर तळाला गेली. सिमेंटला आठवडाभर तरी पाणी पाजावं लागतं, लादीवर तर मातीचे बांध घालून पाणी साचवून ठेवायचं. तीन टँकर, १,२०० चा एक. गावात पाणी विकत घ्यायची ही आमची पहिली वेळ. यांना ते फार लागलं. रोज संध्याकाळी स्वतः नळी धरून भिंतींवर पाणी मारायचे आणि थेंब वाया गेला की मजुरांवर नाही, माझ्यावर ओरडायचे.

वीस मेला शटर बसलं. दार-खिडकी, वायरिंग, चहा-भजी धरून एकूण खर्च २,७१,८२०. माझ्या वहीतला पहिला आकडा १,९६,००० होता. फरक ७५,८२०. कुठे गेला ते मी शोधून काढलं, सवय आहे. जमिनीखालच्या चिऱ्यांचा माल आणि मजुरी ३०,०००. छपराची विसरलेली १२८ फुटं, २४,३२०. रॅम्प आणि गटार ९,२००, टँकर ३,६००. उरलेले ८,७०० ओल्या वाळूचे आणि जास्तीच्या सिमेंटचे. भावात मी कुठेही चुकले नव्हते. सगळे भाव तीन ठिकाणी विचारले होते. चुकलं ते माप. जिथे माझं डोकं पोचलं नाही, म्हणजे पायाखाली, पाख्याच्या टोकाला आणि दारासमोर, तिथेच पैसे गेले.

मुलाला हिशेब पाठवला तेव्हा तो म्हणाला, "बघ, बाराशे रुपये फूट पडलं, मी हजार म्हटलं होतं, फार चुकलो नाही." त्याने २,७१,८२० ला बाहेरच्या २२४ फुटांनी भागलं होतं. गाडी उभी राहते ती आतल्या १८० फुटांत. त्याने भागा, १,५१० येतात. गॅरेज तेच, पैसे तेच. कुणी तुम्हाला फुटाचा भाव सांगितला तर आधी विचारा, भिंतीच्या आतला फूट की बाहेरचा.

बांधायच्या आधी ग्रामपंचायतीत सातबारा, नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा आणि नकाशा जोडून अर्ज केला होता, त्यामुळे नंतर कटकट झाली नाही. गॅरेज नमुना ८ ला चढलं आणि घरपट्टी वाढली. तो खर्च दर वर्षीचा, तो वहीच्या शेवटच्या पानावर वेगळा लिहिलाय.

पहिला मोठा पाऊस जूनमध्ये झाला. पत्र्यावरचा आवाज इतका की बोळीपलीकडे स्वयंपाकघरात मला यांची हाक ऐकू येईना. हाक कशासाठी ते बाहेर गेल्यावर कळलं. घराच्या पागोळ्या गटारात पडत होत्या, गटार गडग्याकडे वाहत होतं, गॅरेजची लादी कोरडी ठणठणीत. पण रॅम्पच्या तोंडाशी खळ्याचं पाणी येऊन तुंबलं होतं, घोट्याइतकं. हे छत्री धरून उभे होते आणि मला विचारत होते, "आता हे पाणी कुठे जाणार?"

चिरे १,०४० बसले, २३ फुटले, ३७ उरलेत. खळ्याच्या कडेने पाण्याला वाट काढायची तर दोन थर लावून किती फूट पाट होईल, ते आज दुपारी मोजायचं आहे. भाऊ उद्या सकाळी येणार आहेत.